उजेड हेच ज्याचे अन्न

घरात समुद्र मांडायचा म्हटले की माणूस आधी पाण्याचा हिशेब करतो, मग मिठाचा, मग माशांचा. दिव्याचा विचार सर्वांत शेवटी येतो. दिवा काय, कुठलाही लावला तरी टाकी उजळते, असे वाटते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी हाच विषय दोन महिने चालला आणि त्या दोन महिन्यांत आम्हाला कळले की प्रवाळ आणि मोठे शिंपले पाळायचे असतील तर दिवा ही सजावट नाही. तो त्यांचा घास आहे.

आम्ही वणीचे. कोळशाच्या खाणी, चुन्याच्या भट्ट्या, कापूस आणि मे महिन्यातले पंचेचाळीस अंशांचे ऊन, ही आमच्या गावाची ओळख. समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर. घरात मात्र गेली सहा वर्षे दोन फुटांची एक फिशटँक आहे. त्यात गप्पी आणि मोली मासे आहेत आणि त्यांची देखभाल नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा करतात. मोबाइलवर कुठेतरी दोघांनी प्रवाळांची छोटी टाकी पाहिली. निळ्या उजेडात हिरवी, केशरी, जांभळी फुले हलल्यासारखी दिसत होती आणि मधोमध नक्षीदार ओठांचा एक शिंपला उघडा पडला होता. मुलीने दोन वर्षांची ईदी जपून ठेवली होती. तिने जाहीर केले, “मला हेच घ्यायचं आहे.”

एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याशी फोनवर बोलणे झाले. त्याने प्रवाळांचे तीन तुकडे, एक शिंपला आणि एक छोटा निळा दिवा अशा संचाचा भाव सांगितला. दिव्याबद्दल विचारले तेव्हा म्हणाला, “एवढ्या टाकीला हा पुरेसा आहे, डोळे झाकून घ्या.” डोळे झाकून घेण्यासारखी ती रक्कम नव्हती. आम्ही थोडा वेळ मागून घेतला.

त्या रात्री जेवताना दादीने एकच प्रश्न विचारला, “या जीवाला खायला काय लागतं?” सगळे घर त्या प्रश्नाच्या मागे लागले.

प्रवाळ दिसते झाडासारखे, पण तो प्राणी आहे. दगडासारखा भाग हे त्याचे घर. त्या घराच्या खळग्यांत मऊ शरीराचे, मुखाभोवती शुंडके असलेले बारीक जीव राहतात. यातल्या रीफ बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ वस्तीला असते. शेवाळ उजेडावर साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळ त्या बदल्यात त्याला आसरा आणि आपल्या शरीरातली टाकाऊ द्रव्ये खत म्हणून देते. उथळ, स्वच्छ पाण्यातल्या अनेक प्रवाळांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा या शेवाळाकडून मिळू शकते. रात्री शुंडके पसरून ते तरंगणारे सूक्ष्म जीवही पकडतात, पण पोट भरते ते दिवसाच्या उजेडावर.

ट्रायडॅक्ना जातीच्या मोठ्या शिंपल्यांचेही तसेच. आपल्या नदीतला शिंपला पाणी गाळून खातो. ट्रायडॅक्ना तेही करतो, शिवाय दिवसा दोन्ही झाकणे उघडून आपली मांसल, रंगीत किनार सूर्याकडे पसरतो. त्या किनारीत तेच शेवाळ भरलेले असते. आपल्याला जी नक्षी वाटते ते त्याचे शेत आहे.

दादीच्या बोटातल्या अंगठीत लाल मरजानचा खडा आहे. मुलाने विचारले, “मग हाही उजेडावर जगायचा का?” शोधल्यावर गंमत कळली. दागिन्यांतले प्रसिद्ध लाल प्रवाळ भूमध्य समुद्रात मंद उजेडाच्या जागी, कपारींत आणि गुहांच्या तोंडाशी वाढते. त्याच्या अंगात शेवाळ नसते आणि त्याला उजेडाची गरजही नसते. म्हणजे ‘प्रवाळ’ हा एक शब्द झाला, पण त्याखाली अंधारात राहणारेही आले आणि सूर्यावाचून उपाशी मरणारेही. विकायला येतात ते बहुतेक दुसऱ्या प्रकारातले.

आता पुरेसा उजेड म्हणजे किती? इथे पहिला धडा असा की आपला डोळा भरवशाचा नाही. खोलीत ट्यूबलाइट लावली की आपल्याला लख्ख वाटते, बाहेर उन्हात गेलो की थोडे दिपते आणि मग सवय होते. डोळा स्वतःला जुळवून घेतो, म्हणून त्याला फरक मोठा वाटत नाही. शेवाळाला मात्र उजेडाचा कण न् कण मोजून हवा असतो. यासाठी जे माप वापरतात त्याला पार म्हणतात. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारे प्रकाशकण किती पडतात, ते हे माप सांगते. भर दुपारच्या निरभ्र उन्हात हा आकडा २,००० च्या आसपास जातो. घरातल्या नेहमीच्या ट्यूबलाइटखाली टेबलावर तो ५ ते १० च्या पुढे क्वचित जातो. आपण ज्या उजेडात आरामात वाचतो तो उन्हाच्या दोनशेव्या हिश्शाइतकाही नसतो. आमच्या मुलांना हा आकडा खरा वाटेना. मग दोघांनी तुळशीएवढे एक रोप आठ दिवस बैठकीतल्या ट्यूबखाली ठेवले आणि दुसरे गच्चीवर. आठव्या दिवशी वाद संपला.

पाळलेल्या प्रवाळांसाठी जाणकार जे आकडे धरतात ते साधारण असे आहेत. मऊ अंगाच्या प्रवाळांना ५० ते १५० पार चालतो. मोठ्या, मांसल तोंडांच्या दगडी प्रवाळांनाही जवळपास तेवढाच. बारीक तोंडांच्या, फांद्या फुटणाऱ्या दगडी प्रवाळांना २०० ते ३५० किंवा त्याहून जास्त लागतो. शिंपल्यांमध्ये स्क्वॅमोसा ही जात थोडी सोशिक, तिला १५० ते २५० पुरू शकतो. मॅक्सिमा आणि क्रोशिया या रंगीत जातींना २०० ते ४०० चा उजेड हवा. व्हिडिओत मधोमध बसलेला शिंपला याच रंगीत घराण्यातला दिसत होता. म्हणजे संचातली सर्वांत जास्त भूक त्याची आणि दिवा सर्वांत लहान.

दुसरी गोष्ट रंगाची. पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. पाणी त्यातला तांबडा रंग वरच्या काही मीटरांतच शोषून घेते आणि निळा खोलवर जातो. प्रवाळांतले शेवाळ त्या निळ्या उजेडाला सरावलेले असते. म्हणून समुद्री टाकीच्या दिव्यांत निळा भाग जास्त ठेवतात आणि त्यांच्यावर १०,००० ते २०,००० केल्विन असे आकडे लिहिलेले असतात. घरातल्या पांढऱ्या एलईडीवर ६,५०० केल्विन असते, ते भरदिवसाच्या उजेडाच्या जवळचे. पण इथे एक फसगत आहे. निळ्या उजेडात प्रवाळातली काही रंगद्रव्ये स्वतःच चमकतात. दिवा अगदी क्षीण असला तरी टाकी झगमगते, फोटो छान येतो आणि आत बसलेला जीव उपाशी असतो. केल्विनचा आकडा रंग सांगतो, जोर सांगत नाही. विक्रेत्याला आम्ही पुन्हा फोन करून विचारले, “या दिव्याखाली एक फूट खोलीवर पार किती मिळतो?” त्याला हा प्रश्न नवा होता. तो वॅट सांगत राहिला. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. तळाशी बसलेल्याला उजेड किती पोचतो, हे त्यातून कळत नाही.

तिसरी गोष्ट अंतराची. दिव्यापासून दूर जावे तसा उजेड पसरतो आणि विरळ होतो. पृष्ठभागावर ३०० पार असला तरी दीड फूट खाली, कोपऱ्यात, तो ८० वर येऊ शकतो. शिंपला तळावर बसवायचा असतो. त्यामुळे मोजायचे ते तो बसणार त्या जागी, पाण्याखाली. त्यासाठी पाण्यात बुडणारे मापक येते. मोबाइलचे अॅप मुख्यतः डोळ्याला दिसणारा उजेड मोजते आणि निळ्या उजेडात हमखास चुकते.

चौथी गोष्ट वेळेची. उजेड रोज आठ ते दहा तास द्यायचा, ठरलेल्या वेळी, आणि मग पूर्ण अंधार. दिवा दुप्पट तास ठेवून त्याचा कमी जोर भरून निघत नाही. रात्र विसाव्यासाठी केली आहे हे आपण दिव्य कुरआनात वाचतो. ते प्रवाळांनाही लागू आहे, कारण शुंडके पसरून खाण्याची अनेकांची वेळ रात्रीचीच असते.

आणि पाचवी, जिने आम्ही सर्वांत जास्त थबकलो. उजेड कमी पडला तर उपासमार आणि एकाएकी जास्त झाला तरी घात. फार तीव्र उजेडात शेवाळ असे काही घातक पदार्थ तयार करते की प्रवाळ त्याला बाहेर टाकते आणि पांढरेफटक पडते. पाणी गरम असेल तर हे अधिकच लवकर होते. म्हणून नवा दिवा आधी अर्ध्या जोरावर ठेवायचा आणि आठवड्या-आठवड्याने वाढवायचा. म्हणजे पुरेसा याचा अर्थ भरपूर असा होत नाही. सूरह अर-रहमानमध्ये समुद्रातून निघणाऱ्या मोती आणि मरजानचा उल्लेख अल्लाहच्या देणग्यांत आला आहे. त्याच सूरहच्या सुरुवातीला आकाश उंच करून तराजू ठेवल्याचे आणि मापात गडबड न करण्याचे सांगितले आहे. आमच्या घरी त्या आठवड्यात या दोन गोष्टी जवळजवळ का आल्या असाव्यात, यावर बरीच चर्चा झाली. आम्ही काही आलिम नाही, त्यामुळे अर्थ लावण्याचा दावा करत नाही. पण मुलगी म्हणाली, “म्हणजे मरजानला पण मापूनच द्यायचं,” ते मनात राहिले.

मग आम्ही कागद घेऊन वणीचा हिशेब मांडला. दोन फुटांच्या टाकीला शिंपला जगेल असा चांगला एलईडी दिवा १२० वॅटचा धरला. रोज नऊ तास म्हणजे एक युनिटहून थोडे जास्त. पाणी फिरवणारे पंप ३० वॅटचे, पण चोवीस तास चालणारे, म्हणजे पाऊण युनिट. आता उष्णता. प्रवाळांना पाणी २४ ते २७ अंशांचे लागते. आमच्या बैठकीतले पाणी मे महिन्यात कूलर चालू असतानाही ३२ अंशांच्या खाली येत नाही. म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र हवे. ते २०० वॅटचे आणि दिवसाचे चौदा तास चालले तर पावणेतीन युनिट. बेरीज रोज साडेचार युनिटांच्या वर, महिन्याला सुमारे १४०. आमच्या सगळ्या घराचा एरवीचा वापर जवळपास तेवढाच आहे. डिसेंबरात उलटे, पाणी गरम करायचा खर्च. शिवाय उन्हाळ्यात वादळी संध्याकाळी वीज जाते, कधी तासभर, कधी रात्रभर. पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि भर उन्हाळ्यात थंड यंत्र थांबले की पाणी तापते. इन्व्हर्टरवर पंखा चालेल की शिंपला जगेल, असा प्रश्न आला असता. घरात दादी आहे. उत्तर आम्हाला आधीच माहीत होते.

पैसे आणि वीज हा एक भाग झाला. दुसरा कायद्याचा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची एकमध्ये २००१ साली रीफ बांधणारी सर्व दगडी प्रवाळे, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि ट्रायडॅक्ना मॅक्सिमा व स्क्वॅमोसा हे शिंपले घालण्यात आले. वाघ ज्या यादीत आहे तीच ही यादी. तिच्यातला जीव पकडणे किंवा विकणे यासाठी किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद आणि दंड आहे. विक्रेता म्हणाला की काही मऊ जाती या यादीत येत नाहीत. असेल तसे. पण पिशवीत आलेला तुकडा कोणत्या गटातला, तो समुद्रातून तोडला की कुठे वाढवला, हे वणीत बसून आम्ही कसे ओळखणार? संशयाची गोष्ट सोडून बिनसंशयाची धरावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण मुलांना हलाल-हरामच्या बाबतीत सांगतो. ती खरेदीलाही लागू आहे.

घरात या मुद्द्यावर खरे भांडण झाले. सुट्टीला आलेला आमचा पुतण्या म्हणाला, “काकू, वणीत कोण बघायला येतंय?” मुलगी त्याच्या बाजूने झाली. तीन दिवस तिने आमच्याशी धड बोलणे केले नाही. ईदी तिची होती, स्वप्न तिचे होते आणि आम्ही फक्त नाही म्हणणारे झालो होतो. नुसते ‘कायदा आहे’ म्हणून तिची समजूत पटणार नव्हती. कायदा कशासाठी आहे ते तिला दिसायला हवे होते.

म्हणून आम्ही तिला लक्षद्वीपचा नकाशा दाखवला. तिथल्या वस्ती असलेल्या दहा बेटांवर ९६ टक्क्यांहून अधिक लोक मुस्लिम आहेत. ती बेटे प्रवाळांनी बांधलेली आहेत. पायाखालची जमीन, मशिदीच्या अंगणातली पांढरी वाळू, सगळी त्या बारीक जीवांची आणि शिंपल्यांची. बाहेरची प्रवाळाची कड लाटा अडवते म्हणून आतले पाणी शांत राहते आणि बेट टिकते. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी समुद्राचे पाणी प्रमाणाबाहेर तापले आणि तिथली प्रवाळे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. पाणी वेळेत निवले तर शेवाळ परतते. नाही निवले तर प्रवाळ उपाशी मरते, मग दगड झिजू लागतो. ज्यांच्या घराचा पायाच जिवंत आहे त्यांच्या पायातला एक दगड आपल्या बैठकीत शोभेला आणणे कसे दिसेल, एवढेच आम्ही तिला विचारले.

आणि हाजी अलीचे उदाहरण तर घरातलेच. आमच्यातले बहुतेक जण कधी ना कधी त्या दर्ग्याच्या वाटेवरून भरती-ओहोटी बघत चालले आहेत. मुंबईचा किनारी रस्ता बांधताना हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळांच्या छोट्या वसाहती आढळल्या. त्या हलवण्यासाठी सरकारी कामालाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली आणि २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्या दुसरीकडे बसवण्यात आल्या. हजारो कोटींच्या रस्त्याला जिथे थांबून परवानगी मागावी लागली तिथे आपण “कोण बघतंय” म्हणणे बरे नव्हे. पुतण्याही यावर गप्प झाला. बघणारा कोण आहे हे त्यालाही माहीत आहे.

प्राणी पाळण्याला आपल्या दीनमध्ये मनाई नाही. अबू उमैर या लहान मुलाच्या पाळलेल्या पाखराची प्रेषित (स.) आपुलकीने विचारपूस करत, ही हदीस प्रसिद्ध आहे. पाखरू मेले तेव्हा त्या मुलाचे दुःखही त्यांनी हलके मानले नाही. पण दुसरी हदीसही तितकीच प्रसिद्ध आहे. मांजरीला कोंडून उपाशी ठेवणाऱ्या बाईला त्यासाठी शिक्षा झाली. कोंडले की त्या जिवाच्या रोजीची जबाबदारी आपल्यावर आली. मांजर ओरडून भूक सांगते. प्रवाळ ओरडत नाही. क्षीण दिव्याखाली त्याचे शेवाळ हळूहळू कमी होते, ते आकसते, रंग फिका होतो. शिंपला आपली किनार कमी-कमी उघडतो आणि एक दिवस हात लावला तरी मिटत नाही. यात कधी कधी महिने जातात. तोवर टाकी झगमगतच असते आणि पाहुणे वाहवा करत असतात. दुकानदार मग सांगतो, “पाणी बिघडलं असेल, दुसरा घेऊन जा.”

शेवटी निर्णय झाला तो असा. खाऱ्या पाण्याची टाकी नाही. जुनीच टाकी, पण त्यात आता पाणवनस्पती, आणि दिव्याबद्दल जे शिकलो ते सगळे तिथे लावायचे. वनस्पती आणि प्रवाळातले शेवाळ यांचे गणित एकच आहे, फक्त आकडे सोसवणारे आहेत. जावा फर्न आणि अनुबियास यांना ३० ते ५० पार पुरतो. व्हॅलिसनेरिया आमच्या बोअरच्या जड पाण्यातही खुशीने वाढते. ६,५०० केल्विनचा २० वॅटचा दिवा आणि रोज सात तास. वेळ चुकू नये म्हणून टायमर. महिन्याचा खर्च साधारण सव्वाचार युनिट. पाणी २९-३० अंशांवर गेले तरी गप्पी तक्रार करत नाहीत. भर उन्हाळ्यात त्याहून तापले तर टाकीवर छोटा पंखा फिरवायचा आणि उडून गेलेल्या पाण्याची भर घालायची.

ईदीतून दिवा, टायमर आणि रोपे आली आणि बरीच रक्कम उरली. ती मालवणसाठी बाजूला ठेवली आहे. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांवर प्रवाळे आहेत आणि पाणी निवळलेले असते त्या महिन्यांत गॉगल लावून, स्थानिक माणसाच्या सोबतीने, ती वरून पाहता येतात. हात न लावता. इन्शाअल्लाह या हिवाळ्यात जाऊ.

मधल्या काळात मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी विषय मिळाला आणि तो आमच्याच मातीत निघाला. राजूरच्या भट्ट्यांत जळणारी चुनखडी कुठून आली, हे ती शोधत होती. आमच्या भागातली ही चुनखडी फार प्राचीन उथळ समुद्रात साचलेली आहे आणि वणी परिसरातल्या दगडांत स्ट्रोमॅटोलाइट नावाचे जीवाश्म आढळल्याचे भूशास्त्राच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. प्रवाळे पृथ्वीवर येण्याच्याही आधी उन्हावर जगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी थरावर थर रचून केलेले ते बांधकाम. खाणीतला कोळसाही सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांनी साठवलेले ऊनच आहे. तिने वहीत लिहिले की वणीत समुद्र आणण्याची गरज नाही, तो येऊन गेला आहे. तिच्या शिक्षकांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढून ‘छान’ लिहिले. घरातल्या टाकीबद्दलचा तिचा राग त्या दिवशी संपला असावा.

वाचक बंधू-भगिनींनो, मुलांची अशी मागणी तुमच्याही घरी येईल, कारण ते व्हिडिओ सगळीकडे पोचतात. सरळ नकार देऊ नका आणि सरळ पैसेही देऊ नका. मुलांना सोबत घेऊन चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा. हा जीव काय खातो आणि ते आपण रोज, वीज नसेल त्या दिवशीही, देऊ शकतो का? तो कुठून आणला आहे आणि त्याची विक्री कायद्याला धरून आहे का? आपल्या गावच्या मे आणि डिसेंबरमध्ये तो जगेल का? आणि त्याच्यासाठी जो खर्च होईल त्याने घरातल्या कुणाचा हक्क तर मारला जात नाही ना? उत्तरे बरोबर आली तर बिस्मिल्लाह म्हणून टाकी भरा. समुद्री जीवांच्या बाबतीत दिव्याचा आकडा आधी विचारा, तो टाकीच्या तळावरचा विचारा आणि सांगता आला नाही तर ते दुकान सोडा.

आमच्या टाकीत सध्या व्हॅलिसनेरियाची पाती पृष्ठभागाला टेकली आहेत. दुपारी एक वाजता टायमरचा खटका पडतो आणि आठ वाजता, इशाच्या सुमारास, दिवा मालवतो. पानांवर बारीक बुडबुडे धरले की मुलगा दादीला हाक मारतो. तो प्राणवायू आहे, झाडांचे जेवण चालू असल्याची खूण. दादी दरवेळी उठून बघायला येते.